झाकलेल्या ओळी

पन्नाशी ओलांडली, केस पिकले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, तरी सगळे तिला धाकटीच म्हणायचे. कारण भाऊ थोरला होता, आणि दोघांनी मिळून धंदा काढला होता. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसांना ऑक्सिजन पुरवायचा धंदा. हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन शिल्लक असलं तर ते भाड्यानं द्यायचं, नसलं तर मशीन मोकळं होईपर्यंत सिलिंडर पोचवायचे. दोन वर्षांपूर्वी थोरला गेला, आणि तोही फुप्फुसांच्याच दुखण्यानं. नियतीला थट्टा करायला दुसरं कुणी सापडलं नसावं.

अख्खा धंदा थोरल्यानं एका एक्सेलच्या फाइलीवर उभा केला होता. एका पेशंटची एक ओळ. नाव, पत्ता, किती मजले चढायचे, सिलिंडर कोणत्या तारखेला द्यायचा. शेवटच्या रकान्यात त्याचे शेरे: बेल वाजवू नका, घरात तान्हं बाळ आहे. काका तिरसट आहेत, मनावर घेऊ नका. आणि त्याचा एक नियम होता. पेशंट गेला तर त्याची ओळ पुसायची नाही, झाकायची. ‘हाइड’ करायची. "माणूस गेला म्हणून आपणही खोडायचं का त्याला?" असं तो म्हणायचा.

झाकलेली ओळ दिसत नाही. डावीकडचे आकडे तेवढे उडी मारतात. एक्केचाळीसनंतर एकदम चव्वेचाळीस. धाकटीला त्या उड्या तोंडपाठ होत्या. मधले दोन म्हणजे एक निवृत्त पोस्टमन आणि त्याच्या मागोमाग गेलेली त्याची बायको. दुपारी ऑफिस शांत झालं की तिला वाटायचं, पडद्यावर दिसतात त्याहून बरीच जास्त माणसं इथं दाटीवाटीनं बसलीत आणि आपल्याकडे बघतायत. मग ती उगाच उठून पंखा कमी करून यायची. थोरल्याची ओळही त्यांच्यातच होती. शेवटचे महिने तो आपल्याच फर्मचं मशीन नाकाला लावून काढत होता.

तो होता तेव्हा पेशंट मूठभर होते. तो गेल्यावर धंदा असा काही वाढला की विचारू नका. दुसरी गाडी आली, मग तिसरी. फाइल मात्र तीच, फक्त तिला पिल्लं झाली. ‘यादी फायनल’, ‘यादी फायनल नवी’, ‘यादी फायनल खरी’. जुना ड्रायव्हर एकदा न राहवून म्हणाला, "धाकट्या ताई, खरी कुठली ते एकदा ठरवा. मी एका फायनलवर जातो, दुसरी गाडी दुसऱ्या फायनलवर. काल एकाच दारात दोघं भेटलो. हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर मिळतं म्हणे आता."

"ही दादानं बनवलीय," ती म्हणाली. विषय तिथंच संपला. मेलेल्या माणसाशी कोण हुज्जत घालणार.

धंदा फाइलीत मावेनासा झाला हे ओळखायचं कसं, यावर हुशार लोक पुष्कळ बोलतात. खरं सांगायचं तर ते आकड्यांवरून कळत नाही. फाइल सांभाळणाऱ्याच्या डोक्यात जोवर प्रत्येक ओळीचं माणूस मावतं, तोवर चालतं. नाव वाचून चेहरा आठवेनासा झाला की समजावं, आपण आता माणसं नाही, रकाने सांभाळतोय. धाकटीच्या बाबतीत गंमत अशी की झाकलेल्यांचे चेहरे तिला सगळे आठवायचे. चालू असलेल्यांचे आठवेनासे झाले होते.

पूर्वी ती प्रत्येक नावापुढे हातानं तारीख टाकायची. आता ते जमेना. म्हणून तिनं पुढच्या आठवड्याच्या तारखा दिसणाऱ्या नावांच्या क्रमानं वेगळ्या काढल्या आणि मोठ्या फाइलीत एकगठ्ठा चिकटवल्या. वरच्या चार-पाच नावांवर नजर टाकली. बरोबर होतं. तिनं याद्या गाड्यांना पाठवल्या.

बुधवारी सकाळी एका शिंप्याच्या बायकोचा फोन आला. शिंपी मशीनसाठी रांगेत होता, तोवर सिलिंडरवर होता.

"काल गाडी आली नाही हो. काटा पार खाली गेलाय. ह्यांचे ओठ निळे दिसतायत."

धाकटीनं यादी बघितली. शिंप्यापुढे शुक्रवार होता. ड्रायव्हर सिग्नल न बघता गेला आणि सिलिंडर लावूनच त्यानं शिंप्याला हॉस्पिटलात पोचवलं. माणूस वाचला. संध्याकाळी त्याची बायको पुन्हा फोनवर आली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं साधंच विचारलं, "मंगळवार आमचा होता ना? मग आमचा सिलिंडर दिलात तरी कुणाला?"

धाकटीनं गोदाम मोजलं. सिलिंडर कुणालाच गेला नव्हता, जागेवरच होता. मग मंगळवार गेला कुठे? ती फाइलीसमोर बसली, आणि थोरला गेल्यापासून जे कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. सगळ्या झाकलेल्या ओळी उघडल्या.

शिंप्याच्या बरोबर वर थोरला होता, झाकलेल्यांत सगळ्यात वरचा, आणि त्याच्या नावापुढे मंगळवार लिहिलेला होता. तारखा चिकटवताना फाइलीनं झाकलेलं आणि उघडं असा भेद केला नव्हता. शिंप्याचा मंगळवार वरच्या ओळीत पडला आणि तिथून खालचे सगळे सरकत गेले. इतरांकडे शिल्लक होतं म्हणून निभावलं.

चूक तिची होती, हे तिला कळत होतं. तरी तिच्या मनात आलं ते वेगळंच. दादाला अजून हवा लागतेय, आणि ती तो दुसऱ्याच्या वाट्याची घेतोय. पोस्टमन, त्याची बायको, सगळे तिथं उघडे बसले होते. तिनं कॉम्प्युटर बंदही केला नाही. तशीच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिनंच सॉफ्टवेअरवाल्याला बोलावलं.

"यात ओळ झाकता येते का?" तिनं विचारलं.

"झाकायची कशाला? बंद करायची. पेशंट गाडीच्या यादीत येत नाही, पण माहिती राहते. खोडलं जात नाही काही."

फाइल त्यात चढवल्यावर एकेक करून तिनं सगळ्या गेलेल्यांना बंद केलं. थोरल्याला शेवटी. बटण दाबलं तर पडद्यावर आलं: मशीन परत आलेलं नाही, बंद करता येणार नाही. एक्सेलनं असं कधी विचारलं नव्हतं. मशीन वहिनीच्या झोपायच्या खोलीत होतं हे तिला ठाऊक होतं. दर महिन्याला ती वहिनीकडे जायची, पण त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

दुपारी ड्रायव्हरला घेऊन ती गेली. पलंगाशी मशीन होतं, आणि ते चालू होतं. नळी उशीवर ठेवलेली होती.

"रोज लावतेस?" तिनं विचारलं.

"दिवसा एवढं नाही. रात्री लागतंच," वहिनी म्हणाली. "आवाज थांबला की मला वाटतं, ह्यांचा श्वास थांबला. मग मी उठून बसते." ती ओशाळून हसली. "वेडी झालेय म्हणशील."

धाकटीनं तिला शिंप्याचं सगळं सांगितलं. मंगळवार कुणाच्या नावावर पडला होता तेही सांगितलं. वहिनीनं उशीवरची नळी हातात घेतली.

"तो आता मशीनच्या रांगेत आहे ना अजून?"

"पहिला नंबर त्याचाच आहे."

वहिनी उठली. कुणी सांगायच्या आत तिनं स्वतःच बटण दाबलं, प्लग काढला, नळी नीट गुंडाळून ड्रायव्हरच्या हातात दिली. तो मशीन घेऊन जिना उतरला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि गेला.

दोघी पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. खोली एवढी शांत कधी झाली नसावी.

"धाकटे," वहिनीनं हळूच विचारलं, "तुला येतोय का गं आवाज?"

धाकटीला येत होता. घरघर, मग फुस्स, जरा थांबून पुन्हा घरघर, अगदी उशीजवळून.

"नाही," ती म्हणाली आणि वहिनीच्या बाजूला सरकून बसली.