रॉइस प्रुइटचा आवंढा

आमच्या गावात वारा, कापूस आणि रॉइस प्रुइटला शिव्या यांचा कधी तुटवडा पडत नाही. रॉइस शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक. चेंडू आधी त्याच्या हातात येतो. तो जवळच्या पळणाऱ्याला द्यायचा की लांब फेकायचा, हे त्याने बघायचं. तो बघतच राहतो. तोवर तिघं त्याच्या उरावर बसलेले असतात. पाच सामन्यांत त्याचे नऊ पास आपल्या पोरांनी झेलले, पंधरा समोरच्यांनी. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. हल्ली तो सामन्याला येतो तेव्हा गाडीतून उतरत नाही.

सोमवारी कोच म्हणाले, "शुक्रवारी डिमर गावाशी सामना. नाही जमलं तर तुझी जागा गेली, प्रुइट."

मंगळवारी शाळेआधी ओलीटाबाईंच्या कॅफेत म्हातारी मंडळी जमली होती. वर्जिलकाका मला म्हणाले, "ए पोरी, तुमचा रॉइस करून दाखव की!"

मी शाळेच्या बँडमध्ये ढोल वाजवते. मैदानाच्या कडेला उभी असते, सगळं ऐकू येतं. डाव सुरू करायला तो ओरडतो, तशी मी छाती पुढे काढून ओरडले, "हट!" मग आवंढा गिळला, मान लांब केली आणि वासरासारखा सूर काढला, "हऽऽऽट!" काकांच्या नाकातून कॉफी आली.

"दोन तऱ्हा कशाला गं?"

"पळायचा डाव असला की पहिला. फेकायचा असला की दुसरा. घाबरतो ना!"

कोपऱ्यातला एक पाहुणा म्हणाला, "वा! पुन्हा कर ना, बेटा." मी तीनदा केलं. त्याने माझ्यासाठी केक मागवला. तो उठून गेल्यावर ओलीटाबाई म्हणाल्या, "डिमरच्या कोचचा मेहुणा तो. खा आता केक."

मी खाल्ला. आणि कुणालाच काही बोलले नाही.

शुक्रवारी रॉइसने आवंढा गिळला रे गिळला की डिमरची पोरं पास झेलायला मागे सरकायची. पहिले चारही पास त्यांनीच झेलले. "घरी जा, प्रुइट!" आमचेच लोक ओरडत होते. कोचने त्याला बाकावर बसवलं.

शेवटी मी ढोल ठेवून त्याच्यामागे गेले. "तुझा आवाज फुटतो. फेकायच्या आधी. त्यांना माहीत आहे."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"मी. कॅफेत तुझी नक्कल करताना." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला त्याची नक्कल सुचेना.

"कोच," तो उठला, "एकदाच जाऊ द्या."

एकतीस–शून्य झालं होतं. कोच म्हणाले, "जा. आता काय उरलंय?"

रॉइसने आवंढा गिळला, मान ताणली. "हऽऽऽट!" डिमरची अख्खी फळी मागे पळाली. रॉइसने चेंडू काखेत मारला आणि मोकळ्या मैदानातून सरळ शेवटची रेषा ओलांडली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी शिवलं नाही.

"पास कुठाय पास?" वर्जिलकाका खेकसले. "सगळेच पळतात!"

कोच मात्र खूश. "पळतोस की लेका! सोमवारपासून पळायचं. फेकायला दुसरा बघतो मी."

रॉइस हेल्मेट काढून माझ्यापाशी आला. मला वाटलं, शिवी देईल.

"हे पण करून दाखव कॅफेत," तो म्हणाला, आणि बापाच्या गाडीकडे चालत गेला.