चार बोटं सैल

केजला माझं मोटारी-पाइपांच्या सामानाचं दुकान आहे. वायसर अर्धा मिलिमीटर मोठा गेला तरी जोड गळतो, हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगत असतो. समुद्र मात्र एकदाच पाहिला, मुलीला सोडायला गेलो तेव्हा. पाण्यात पाय घातला नाही.

मुलगी आमच्या शेतातल्या विहिरीत पोहायला शिकली, पाठीला डबा बांधून. पुढं पोहण्याच्या स्पर्धा केल्या आणि त्यातून कर्नाटकच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणाऱ्या एका ठिकाणी तिला उमेदवारी मिळाली. फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याला यायचं आणि तेच पुढं दुसऱ्यांना शिकवायचं, असं काम. हिवाळा संपता संपता परीक्षा होती. पास झाली तर तिथं नोकरी, नाही तर युसूफ वडगाव या जवळच्या गावचं लग्नाचं स्थळ. माझ्या थोरल्या भावासमोर तसं ठरलं होतं, आणि त्याच्यासमोर ठरलेलं आमच्या घरात बदलत नाही.

अडचण थंडीची होती. पोरगी हाडापेरानं बारीक. पहाटेच्या वाऱ्यात बराच वेळ पाण्यात राहिली की ओठ निळे पडायचे, बोटं फळी धरेनात. तिथले वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचे रबरी सूट, सगळे पुरुषांच्या मापाचे. म्हणून दिवाळीत ती घरी आल्यावर तिचा स्वतःचा मागवायचं ठरलं.

गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवर तेच वाचत बसायचो. धडाला तीन मिलिमीटर जाडी आणि हातापायांना दोन बरी, कारण हातांनी पाणी मारत पुढं जावं लागतं. पाठीवरची चेन घालायला सोपी, पण छातीवरच्या चेनीतून पाणी कमी शिरतं. सूट पाणी बाहेर ठेवतो असा माझा समज होता, तो चुकीचा निघाला. थोडं पाणी आत येतंच. ते अंग आणि रबर यांच्यामध्ये अडकून राहतं, अंगाच्या उबेनं तापतं, आणि मग थंडी वाजत नाही. त्यासाठी सूट कातडीसारखा बसावा लागतो. याबद्दल माझ्या मनात काही शंका उरली नव्हती.

माप बायकोनं घेतलं. दार लावून घेतलं, पण टेप धरली ती पंजाबी ड्रेसवरूनच. आमच्याकडं बायकांचे कपडे चार बोटं सैल शिवतात. कापड आटतं म्हणून, आणि अंगाचा आकार दिसू नये म्हणून. ड्रेसवरचं माप तक्त्यात मध्यम येत होतं, चार बोटं वजा केली तर लहान. मुलगी म्हणाली लहान मागवा. मीही तेच म्हणालो.

तेवढ्यात भाऊ आला. त्यानं मोबाइल मागितला आणि सूट घातलेल्या बाईचा फोटो बराच वेळ पाहिला. चिडला असता तर बरं झालं असतं.

"अंग झाकतंय, ते ठीक हाय," तो म्हणाला. "पर सगळं दिसतंय की. एक माप वरचं घे."

"काका, त्यात पाणी खेळतं," मुलगी म्हणाली.

"मग नको जाऊस."

त्यानं मोबाइल माझ्या हातात परत दिला. मुलीनंच माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि वरच्या मापावर बोट ठेवलं.

"सैल तर सैल, अप्पा. घ्या."

सूट आला तेव्हा तिनं तो घालून अंगणात दाखवला, वर ओढणी घेऊन. कमरेला आणि मानेला रबराच्या वळ्या पडल्या होत्या. बायको म्हणाली, म्हशीचं कातडं पांघरल्यागत दिसतंय. भावानं मान डोलावली. दर आठवड्याला सूट घातलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा, एवढं त्यानं सांगितलं, आणि ती गेली.

पहिल्या फोनलाच मी सुटाचं विचारलं.

"मान वाकवली की गार पाणी पाठीवरून खाली उतरतंय, अप्पा. आतलं तापायच्या आधीच जातंय, दुसरं येतंय."

विकणाऱ्याला विचारलं तर वापरलेला माल बदलून मिळत नाही म्हणाला. मी म्हणालो, लहान मापाचा दुसरा मागवतो. ती म्हणाली, मग फोटोपुरता हा घालून काकांना फसवू का. मी दुसरा मागवला नाही.

परीक्षेच्या दिवशी वारं होतं. पायांत पाणी भरून सूट जड झाला, हात बधिर झाले, तिला फळीवर उठता येईना. शिकवणाऱ्यानंच तिला बाहेर बोलावलं. पुढच्या वर्षी ये, म्हणाला. घरी आल्यावर तिनं हे वाक्य आईला सांगितलं, मग मला, मग भावाला. पुढच्या वर्षाचं कुणी विचारलं नाही. सुपारी फुटली.

लग्नाच्या आधी एका संध्याकाळी विहिरीवरचा पाइप जोडापाशी गळायला लागला. सामान दुकानात होतं आणि दुकान गावात. मी चिंधी शोधत होतो, तर मुलगी घरातून सूट आणि कात्री घेऊन आली. विहिरीच्या कडेला बसून तिनं एक बाही कापली आणि तिची लांब पट्टी काढली.

"ओढून बांधा, अप्पा," ती म्हणाली. "ढिलं ठिवू नका."

मी ओढून बांधली. दुसऱ्या दिवशी दुकानातून जोड आणायचा होता, तो अजून आणलेला नाही. तिथून आता पाणी गळत नाही. उरलेला सूट मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. युसूफ वडगावला जाताना तिनं तो मागितला नाही.