पगारदार जामीनदार

गुन्हेगारी आणि राजकारण यांचा संबंध, हा माझ्या एम.फिल.चा विषय. सरांना वाटलं, पोरगी अभ्यासू आहे. कसलं काय! मला एका माणसाला चारचौघांत नागडा करायचा होता, बस.

माझे बाबा नगरपालिकेत वॉलमन. टेमघरच्या पाण्याच्या लाइनच्या चाव्या तेच फिरवायचे. मी शाळेत असताना, ऐंशीच्या दशकात, आमच्या वॉर्डातल्या दादाची सायझिंग होती, लूमच्या सुताला खळ लावायचा कारखाना. त्याला वेळेबाहेर पाणी हवं होतं. बाबा म्हणाले, "लोकांच्या वाट्याचं न्हाय देणार." दुसऱ्या दिवशी त्याच्या पंटरांनी भर नाक्यावर बाबांचा उजवा हात मोडला. साक्षीला कुत्रं आलं नाही. दादा सुटला आणि पुढं नगरसेवक झाला. मतं मागायला हात जोडून आमच्या दारातही आला, मेला!

नव्वदच्या दशकात मी कोर्टातून त्याच्या एकेका केसच्या नकला काढल्या. जामिनाला पगारदार माणूस लागायचा, पगाराचा दाखला जोडायला. मी जामीनदारांची यादी केली आणि शेजारी त्याच्या उमेदवारी अर्जावरचे सूचक, प्रचारातली माणसं लिहिली. नावं जुळत गेली तशा मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आता कुठं जातोस, लेका!

मग चाकूच्या एका केसमध्ये जामीनदार म्हणून बाबांचंच नाव निघालं. खाली डाव्या हाताची वेडीवाकडी सही.

घरी येऊन मी तो कागद त्यांच्या ताटाशेजारी आपटला. "ज्यानं हात मोडला त्यालाच सोडवायला गेलात? लाज नाही वाटली?"

बाबांनी घास खाली ठेवला. "तू कॉलेजला कुठल्या एसटीनं जातेस, कुठं उतरतेस, सगळं त्यानं दारात उभं राहून सांगितलं. मंग मी काय करणार होतो?"

 त्यांना रिटायर व्हायला दोन वर्षं होती. नाव बाहेर आलं तर नोकरीवर गदा, आणि तो हरामखोर पुन्हा दारात येणार. मी पेन काढलं आणि यादीतलं त्यांचं नाव खोडायला घेतलं.

बाबांनी माझं मनगट धरलं. "खोडू नको. बाकीचे सगळे म्हणतील, आम्ही राजीखुशीनं सही केली. मी तसं म्हणणार न्हाय. पयलं नाव माझं घाल, अन् खाली लिव, याला विचारा."