विसावा न चालणारी कणीक

अमरावतीहून निघाले त्या सकाळी आई दारापर्यंतही आली नाही. वाटेसाठी पोळ्या करत होती. मी पाया पडले तेव्हा तिचे हात कणकेत होते, म्हणून कोपरानंच मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "तिकडं कणीक मळली की लगेच लाटायला घेऊ नकोस. अर्धा तास झाकून ठेव. विसावली की ऐकते." २००१ साल होतं. परदेशी निघालेल्या मुलीला लोक काय काय सांगतात. आईनं मला हे सांगितलं.

अमेरिकेत रेडमंडला नवऱ्याला सॉफ्टवेअरची नोकरी होती आणि मला डिपेंडंट व्हिसा, म्हणजे काम करायची परवानगी नाही. शेजारच्या अपार्टमेंटमध्ये नोरा नावाच्या आजी राहायच्या, मूळच्या आयरिश. त्यांनी मला त्यांच्याकडचा सोडा ब्रेड शिकवला. मैदा, मीठ, खायचा सोडा आणि ताक, बस्स. मी आपली सवयीनं तो गोळा दहा मिनिटं तिंबला, ओल्या फडक्याखाली झाकला आणि आईशी फोनवर बोलत बसले. अर्ध्या तासानं भाजला, तर ब्रेड कसला, पाटा झाला होता. त्यावर चटणी वाटता आली असती. नोरा म्हणाल्या, सोड्याला ताक लागलं की त्याचा जोर सुरू होतो, तो कुणासाठी थांबत नाही. जेमतेम एकत्र करायचं, वर सुरीनं फुली मारायची आणि थेट ओव्हनमध्ये टाकायचं.

पुढं छान जमायला लागला. आईला सांगितलं तर म्हणाली, ही तर आळशी बायांची भाकर, आलीस की करून घाल मला.

२००४ मध्ये आईला अर्धांगवायू झाला. आमच्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत तोवर संपली होती; इथं राहायला त्याची अडचण नव्हती. पण भारतात गेलं की तिथल्या अमेरिकन वकिलातीतून नवं स्टॅम्पिंग केल्याशिवाय परत येता येत नव्हतं, आणि ओळखीतले दोघं तिकडं महिनोन्महिने अडकले होते. ग्रीन कार्डची फाइल लागलेली होती. नवरा म्हणाला, "थोडं थांबू यार, पेपर्स येऊ देत." खोटं कशाला बोलू, त्यानं मला बांधून ठेवलं नव्हतं. इथली गाडी, त्याचा पगार, मुलीची शाळा मलाही सोडवत नव्हती. दर रविवारी फोनवर आई जड जिभेनं एवढंच विचारायची, "कधी?" मी म्हणायची, पेपर्स आले की. मग फोन ठेवून ब्रेड करायला घ्यायची, कारण हात रिकामे राहिले की रडू यायचं.

आई २००७ च्या फेब्रुवारीत गेली. कार्ड ऑगस्टमध्ये आलं.

मग मी गेले. माझ्या मोठ्या भावानं, दादानं, तीन वर्षं तिला उचलून बसवलं होतं, घास भरवले होते. तिथं ओव्हन नव्हता. जाड कढईत मीठ तापवून मी ब्रेड भाजला, आईच्या फोटोपुढं ठेवला. दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "आता कशाला आलीस, बाई?" तो म्हणाला. रागानं नाही, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिकीट तीन आठवड्यांचं होतं, ते बदलून मी आठवड्यातच परतले.

तुमच्यापैकी जे अजून पेपर्ससाठी थांबलेत त्यांना मी काही सांगणार नाही. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. आणि तिकडचे, भारतातले तुम्ही विचारता, घरची आठवण येते का म्हणून. येते ना, रोज येते. आता मला अमरावतीला केव्हाही जाता येतं. जात नाही.