सासूबाईंनी धरलेली थापी

उमरग्यापासून जवळच्या एका गावात, बौद्धवस्तीत, आमचं घर. वस्तीतलं पहिलं स्लॅबचं घर ते. सासरे शाळेत शिपाई होते आणि माझे मालक सहकारी दूध संस्थेत दूध मोजायला. दोघांच्या पगारातून दोन खोल्या उभ्या राहिल्या होत्या. मी लग्न होऊन आले तेव्हा वस्तीतल्या बायका नुसतं छत बघायला यायच्या.

त्याच छताला तडे गेले. आधी केसासारखी रेघ होती. मग एका पावसाळ्यात ओल आली, गिलावा फुगला आणि पुढच्या उन्हाळ्यात एके दुपारी पाळण्याशेजारी भाकरीएवढा पोपडा धाडकन पडला. पाळण्यात माझी लेक झोपली होती. तिला काही झालं नाही. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांनी लेकीला उचललं, माझ्या मांडीवर दिलं आणि एक काठी घेऊन छत ठोकायला लागल्या. चांगल्या जागी टणटण वाजायचं, सुटलेल्या जागी ढबढब. निम्मं छत ढबढब वाजत होतं.

गवंड्याला निरोप धाडला, तर गवंडी गावात नव्हताच. नव्या सहकारी साखर कारखान्याचं बांधकाम निघालं होतं. आसपासच्या गावांतले सगळे गवंडी तिकडे गेले होते, दिवाळीपर्यंत यायचे नव्हते. तोवर अंगणात झोपा, पावसाळ्याचं पुढं बघू, असं सासरे म्हणाले.  दुसऱ्या दिवशी भाकरी खाताना आत्या म्हणाल्या, "म्या करते."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. बाईमाणसानं घमेलं उचलायचं आणि गिलावा लावायची थापी गड्यानं धरायची, ही रीत. आत्यांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली होती आणि पुढं कितीतरी वर्षं गवंड्यांच्या हाताखाली माल वाहिला होता. घमेलं वर देता देता त्यांनी सगळं बघितलं होतं. पण थापी एकदाही हातात आली नव्हती. सासरे समजुतीनं म्हणाले की भिंत वेगळी, छत वेगळं, माल अंगावर येतो. आत्या म्हणाल्या, येऊ द्या.

सासऱ्यांनी आधी गच्चीवर चढून वरची भेग सिमेंटनं भरून घेतली, म्हणजे पुन्हा पाणी उतरायला नको. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. मालकांनी खेटे घालून एक पोतं आणलं. आम्ही दोन टिपाडांवर जुन्या दाराची फळी टाकली, तीच आमची परांची. पदर कमरेला खोचून, डोक्याला फडकं बांधून आत्या वर चढल्या आणि ढबढब वाजणारं सगळं छिन्नीनं पाडलं. घरभर धूळ. आतली सळई गंजलेली दिसली, ती मी तारेच्या ब्रशनं घासली. लेकीला शेजारणीकडे ठेवलं होतं.

पहिला हात फसला. आत्यांनी माल चांगला जाड लावला. तो क्षणभर चिकटला आणि सगळाच्या सगळा त्यांच्या तोंडावर आला. डोळ्यात सिमेंट गेलं. मी त्यांना घाईनं खाली उतरवून तांब्याभर पाण्यानं डोळा धुतला. डोळा लालभडक झाला होता. सासरे दारात उभे होते. ते रागावले नाहीत, पण आता राहू दे म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात काळजी होती. मलाही तेच वाटत होतं.

आत्या भिंतीला टेकून बराच वेळ बसल्या. मग मला म्हणाल्या, "गवंडी आधी शिमिटाची पातळ रबडी फटकारत व्हता. म्या विसरले. आन् माल जाड झाला."

पुन्हा वर चढल्या. या वेळी स्लॅबवर माल धरावा म्हणून छिन्नीनं टाचे मारले, पाणी शिंपडलं, सिमेंटची रबडी फटकारली आणि ती ओली असतानाच पातळ थर दाबून लावला. मी खालून घमेलं धरून बघत होते. माल राहिला. एक वीत, मग हातभर, मग पाळण्यावरची सगळी जागा. वरच्या थरासाठी ओल्या मालावर त्यांनी खिळ्यानं रेघा ओढून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुसरा थर चढवला आणि लाकडी रंध्यानं गोल गोल घासून सपाट केला. मान अवघडली की त्या फळीवरच उताण्या पडायच्या आणि पडल्या पडल्या कुठं घासायचं राहिलं ते बघायच्या.

खरी अडचण पाण्याची झाली. नव्या गिलाव्याला पाणी पाजावं लागतं, आणि त्या उन्हाळ्यात विहिरी कोरड्या होत्या, टँकर येईल तेव्हा येईल. टँकरवर दोन हंडे मिळायचे. आम्ही अंघोळी कमी केल्या. सासरे तर म्हणाले, माझ्या वाटणीचं छताला द्या. काठीला गोणपाट बांधून ते भिजवायचं आणि छतावर फिरवायचं, हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. शाळेतून आले की कपडे बदलायच्या आधी ते गोणपाट हातात घ्यायचे.

आठवड्यानंतर आत्यांनी पुन्हा काठीनं छत ठोकलं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. सगळीकडे टणटण. मालक दूध संस्थेतून आले होते, तेही मान वर करून ऐकत उभे राहिले.  आत्यांनी स्वतःच्या हातांनी पाळणा परत होता तिथं बांधला, लेकीला आत घातलं आणि म्हणाल्या, "झोप गं बाई आता बिनघोर."

छत अगदी सपाट झालं नव्हतं. दिवा लावला की एका बाजूला लाट दिसायची. पुढं वस्तीत आणखी स्लॅबची घरं झाली, आणि कुठं पोपडा सुटला की आत्यांना बोलावणं यायचं. त्यांनी बाजारातून स्वतःची थापी आणली, तिच्या लाकडी मुठीला तेल लावून ठेवायच्या. सासरे त्यांना गमतीनं मिस्त्री म्हणायचे, आणि त्या ओ द्यायच्या.

पाहुणा आला की त्याला पाणी द्यायच्या आणि तो तांब्या तोंडाला लावून मान वर करी तेव्हा हळूच सांगायच्या, "वर बघा. ते म्या केलंय." पाहुण्याचं पाणी संपायचं, पण मान खाली यायची नाही. कारण आत्या एकेक कोपरा दाखवत असायच्या, लाटेसकट. मी चुलीपाशी बसून ऐकायचे. तेच तेच कितीदा ऐकलं, पण मला कधी कंटाळा आला नाही. नव्या माणसाला मीच कधी कधी आधी सांगून टाकायचे.