शकूताईची चावी

शकूताई गच्चीत पापड वाळत घालायला गेली तरी घराची चावी माझ्याकडे ठेवून जायची. हेंद्रेपाड्यात आमची दारं समोरासमोर. ती विधवा, पदरात लहान पोर. मी नवी सून, अक्कल कमी आणि तोंड मोठं. "काय ताई, सोन्याच्या विटा पुरल्यात का घरात?" म्हणून खिदळायचे. ती शांतपणे म्हणायची, "मंदे, उद्या आत मरून पडले तर दार फोडायला लागू नये."

शाळेत ती भूगोल शिकवायची. मुलगा लिस्बनच्या हॉटेलात नोकरीला लागला आणि तिच्या सत्तरीत त्याने तिला कायमचं बोलावलं, तेव्हा जायच्या आधी तिने माझाच वर्ग घेतला. मी शाळेत असताना नकाशात पोर्तुगाल गोव्याच्या खाली, कारवारजवळ दाखवला होता आणि वर बाईंशी भांडलेही होते, हे तिला ठाऊक होतं.

"नीट ऐक. दोन बाजूंना स्पेन, दोन बाजूंना समुद्र. राजा केव्हाच गेला. राष्ट्राध्यक्ष असतो, पण कारभार पंतप्रधान बघतो. बाटलीच्या बुचाची झाडं, मासळी, टुरिस्ट, यांवर बऱ्याच जणांचं पोट. त्यांची पोरं जास्त कमवायला फ्रान्स-जर्मनीला जातात, मग आपली पोरं तिथे बश्या धुतात." मग आवाज उतरला. "म्हणजे तिथेही घरात म्हातारीच गं."

"आणि भाषा?"

"अर्धी येते की! बटाटा, साबण, कोबी, चावी, सगळे त्यांच्याकडूनच आलेले शब्द."

"आणि शेजारीण?"

"तो नाही आला."

तिकडून पहिला फोन आला. "दुकानातली पोरगी म्हणाली, 'पगार?' मी म्हटलं, बाई, मला पेन्शन आहे! ती पैसे द्या म्हणत होती गं." पोट दुखेपर्यंत हसलो. मग ती म्हणाली, "पोरगा सकाळी जातो तो रात्री येतो. दार ओढलं की आपोआप बंद होतं. चावी कुणाकडे ठेवू, मंदे?"



आज पुन्हा फोन. खालच्या मजल्यावरची म्हातारी धापा टाकत जिना चढून आली होती. मुलं फ्रान्सला. हातात चावी धरून 'शाव, शाव' म्हणत होती. "शेपूट कापलंय शब्दाचं, पण कळलं मला. तिची घेतली, माझी एक तिला दिली." शकूताई हसत होती की रडत, समजेना.

फोन ठेवला. आता मीही एकटीच, मुलगा पुण्याला. शकूताईच्या घरात नवे भाडेकरू, दिवसभर कुलूप. गच्चीत पापड घालायचेत. घरात सोन्याच्या विटा नाहीत, तरी चावी हातात घेऊन मी कधीची दारातच उभी आहे.