बर्फात बोअर मारणारा जावई

आता काय सांगू तुम्हाला, संशयी माणसाची फजिती कशी होते! आणि माझा संशय साधासुधा नाही. दूधवाला नुसता हसला तरी मी दुधात बोट घालून बघतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझी पुतणी सुमन, तिला धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, देखणा. सुमनला फोटोतच आवडलेला. पण नोकरी काय, तर म्हणे दक्षिण ध्रुवावर बर्फात बोअर मारतो!

मी सावध झालो. पाहुणे आमच्याकडे दोंडाईच्याला मुलगी बघायला आले, तेव्हा थेट विचारलं, "पानी लागस का तठे?"

"नाही काका. आम्ही बर्फच काढतो. लांब कांडीसारखा."

"वर बरफ, खाले बरफ, आनि भोक पाडीसन बरफच काढतस?"

"खालचा जुना असतो. हजारो वर्षांपूर्वी पडलेला. थर बघून कळतं, बर्फ कधी वाढला, कधी वितळला."

जुना बर्फ! अहो, आमच्याकडे स्टँडवर घेतलेला बर्फ घरापर्यंत टिकत नाही! मी थोरल्या भावाच्या कानाला लागलो, "आबा, भामटा शे. पोर देऊ नका." सुमननं दाराआडून ऐकलं. तिचे डोळे भरले. पण मी कुठला बधतोय?

त्याच दिवशी माझ्या शेतात बोअरची गाडी आली होती. चोर पकडायला याहून चांगला मुहूर्त कुठला? सुमनसकट सगळ्यांना शेतात नेलं.

"सांगा, पानी कोठे शे?"

"मला नाही सांगता येणार, काका," तो सरळ म्हणाला.

बघा! म्हणे बोअरवाला! मी ऐटीत पाणाड्याला पुढे केलं. तळहातावर नारळ, आमच्या भाषेत नारय, आडवा ठेवून तो शेतभर फिरला. एका जागी नारळ ताडकन उभा राहिला, म्हणजे पाणी तिथेच! याला म्हणतात शास्त्र!

यंत्र धडधडलं. काळी माती आली, मुरूम आला, मग नुसती धूळ. संध्याकाळपर्यंत धूळच! आबा, पाहुणे, मी, बठ्ठे भुतासारखे दिसायला लागलो. पाणाड्या कधी सटकला कुणास ठाऊक.

मुलगा मात्र धूळ चिमटीत धरून खुशीत न्याहाळत होता. "काका, आमच्या कामात पाणी शिरलं की बोअर वाया जाते. तुमची फार छान झाली!"

सुमन खळखळून हसली. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. आबांनी घाईनं विचारलं, "मंग, सुपारी फोडूत ना?"

मुलाच्या वडिलांनी टोपी झटकली, माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि आबांना बाजूला घेतलं.

"पोर पसंद शे, भाऊ. पन तिना काकाबद्दल जरा चौकशी करनी पडी. नारयले इचारीसन भोक पाडस!"